इंजिन बदललं, ब्रेकचं काय?

मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या! विषय मात्र आपल्या होस्टेलचाच आहे.

मागच्या दिवाळीत आम्ही चौघांनी वर्ध्यात भंगारातली राजदूत घेतली आणि तिच्या फ्रेममध्ये आरएक्स 100 चं इंजिन बसवलं. राजदूत 173 सीसीची, ताकद साडेसात बीएचपीच्या आसपास. आरएक्स 98 सीसीची, पण 11 बीएचपी! मडगार्ड काढले, झाली डर्ट बाईक तयार. आर्वी रोडजवळच्या पडीक शेतात पळवली. तिसऱ्याच चकरेत आम्हीच वेल्ड केलेला ब्रॅकेट तुटला, इंजिन सरकलं, चेन उतरून मागचं चाक जाम! माझं मनगट मोडलं. नशीब, खाली माती होती, नागपूर रोड नव्हता.

प्लास्टर घालून बसलो तेव्हा हिशोब केला. वेग दीडपट झाला तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट. ड्रम ब्रेक मात्र जुनेच! हे सूत्र आपण अकरावीतच पाठ केलं होतं, बरं का.

"चालते ना भाऊ" म्हणणाऱ्यांनी 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचावं. कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. म्हणजे अशी गाडी रस्त्यावर नकोच.

मग प्रयोग बंद? मुळीच नाही! या एका गाडीने जे शिकवलं, ते चार सेमिस्टरनी नाही शिकवलं. सरांना एकच विनंती : वर्कशॉपचा एक कोपरा द्या, आणि आमचं वेल्ड तपासायला कुणीतरी जाणता माणूस. मनगटं वाचतील!