अलीच्या आईचे गोड



मागील खेपेस आपण उरलेल्या भाताचे काय करावे याचा विचार केला. आज उरलेल्या खारीचे आणि वाळलेल्या पोळीचे काय करावे ते पाहू. मात्र त्यासाठी थेट मिसर देशापर्यंत जावे लागेल. भिऊ नका! चूल आपलीच आहे, दूधही आपल्याच गोठ्यातले आहे. परके आहे ते केवळ नाव. त्या देशात या पक्वान्नास 'उम्म अली' म्हणतात. त्याचा अर्थ 'अलीची आई'. अरबी बोलणाऱ्या लोकांत थोरल्या मुलाच्या नावावरून आईबापांस हाक मारण्याची चाल आहे. आपल्याही आळीत 'पेद्रूची आई घरी आहे का?' असेच विचारतात, नाही का?

हे पक्वान्न मी प्रथम पाहिले ते इंदूर शहरी, कृष्णपुऱ्यात. माझ्या धाकट्या दिरांची नोकरी तिकडे असल्यामुळे त्यांचे बिऱ्हाड तेथे आहे. खरे सांगावयाचे तर तेथे जाण्यास माझे पाऊल उचलत नव्हते. वाडीच्या वाटणीवरून आम्हा दोघी जावांत चार वर्षे बोलणे नव्हते. परंतु त्यांचा मुलगा कुवेतहून रजेवर आला होता, आणि 'मोठी आई आल्याशिवाय मी परत जावयाचा नाही' असा त्याने निरोप धाडला. लेकराचा शब्द मोडवेना. आम्ही उभयता निघालो.

कृष्णपुरा हा इंदूरचा जुना भाग. कान्ह नदीवरील पूल ओलांडला की काठावर होळकरांच्या दगडी छत्र्या दिसतात, आणि तेथून राजवाडा पायी अगदी जवळ. राजवाड्यापलीकडे सराफा. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांपुढे रबडी, मालपुवा, भुट्ट्याचा कीस आणि हिवाळ्यात तळलेला गराडू यांची दुकाने मांडतात. दुधाच्या गोडाचे त्या नगरीला नवल ते काय असणार? तरी पुतण्या म्हणाला, "मोठी आई, सराफ्यात मिळत नाही ते मी आज घरी करून घालतो." कुवेतला त्याच्या खोलीत एक मिसरी सोबती होता, त्याच्याकडून तो हे शिकला होता. आखाती देशांत हे पक्वान्न घरोघरी आणि खाणावळींतूनही आवडीने खातात. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी कदाचित नाव ऐकले असेल.

आता कृती सांगते. सहा माणसांसाठी एक लिटर सायीचे दूध, पाव किलो साधी खारी, दीडशे ग्रॅम साखर, एक वाटी साय, दहाबारा बदाम, तितकेच काजू, दोन चमचे बेदाणे आणि दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस घ्यावा. खारी जिऱ्याची नसावी. मिसर देशात 'रुकाक' नावाची कागदासारखी पातळ, कडक वाळवलेली रोटी वापरतात. आपल्या घरी खारी नसेल तर मैद्याच्या सातआठ अगदी पातळ पोळ्या लाटून, तव्यावर मंद आचेने पापडासारख्या कडक होईतो भाजाव्या व प्रत्येकीस तूप चोळावे. काल उरलेल्या पोळ्याही अशा कडक केल्या तर चालतात.

खारीचे हातानेच मोठे तुकडे करून पसरट भांड्यात घालावे. चुरा करू नये. बदामकाजूंचे काप, खोबरे आणि धुऊन कोरडे केलेले बेदाणे त्यांत पसरावे. दुधात साखर घालून चांगली उकळी आणावी. मिसरी लोक सुवासासाठी व्हॅनिला घालतात. आपण वेलची घातली तरी अलीच्या आईची हरकत नसावी. साखरेऐवजी गूळ घालण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तापलेले दूध गुळाने नासण्याची भीती असते. हे उकळते दूध खारीवर हळूहळू ओतावे. दूध फार झाले असे वाटेल. वाटू द्यावे! दहा मिनिटांत खारी ते पिऊन फुगते. दूध कमी पडले तर मधला भाग कोरडा राहतो, आणि दूध गार ओतले तर खारी फुलत नाही, नुसती भिजून लगदा होते. नंतर वर साय सारखी पसरावी.

ज्यांच्या घरी भट्टीपेटी आहे त्यांनी दोनशे अंशांवर वीसपंचवीस मिनिटे भाजावे. नसेल त्यांनी आपल्या आज्यांची केकची रीत आठवावी. मोठ्या पातेल्यात वाळू पसरून ती तापवावी, तिच्यावर भांडे ठेवावे, पत्र्याचे झाकण घालून वर निखारे पसरावे. खाली आच मंद आणि वर प्रखर असली पाहिजे, कारण सायीवर सोनेरी डाग पडणे हीच पक्वान्न झाल्याची खूण होय. अंडे यात नाही. गरम असतानाच वाढावे. गार झाल्यावर ते घट्ट होते व त्याची अर्धी गोडी जाते.

भांडे आत असताना पुतण्याने नावाची कथा सांगितली. तिच्यातील राज्यकर्ती माणसे इतिहासातील आहेत. गोडाची गोष्ट मात्र आख्यायिका आहे, हे ध्यानात ठेवावे.

फ्रान्सचा राजा संत लुईस सैन्य घेऊन मिसर देशावर चालून गेला होता. १२४९ साली, ऐन युद्धात, तेथील सुलतान वारला. त्याची पत्नी शजर अद्-दुर्र हिने पतीचे निधन काही काळ गुप्त राखून लष्कर सावरले. पुढल्या वर्षी संत लुईस कैद झाला, आणि मोठा दंड भरून व दमिएत्ता शहर परत देऊन सुटला. त्याच १२५० साली ही स्त्री स्वतः तख्तावर बसली. परंतु स्त्रीचे राज्य अनेकांना रुचेना, म्हणून थोड्याच महिन्यांत ऐबक नावाच्या सरदाराशी लग्न करून तिने तख्त त्याला दिले. ऐबकाला आधीची बायको होती आणि तिला अली नावाचा मुलगा होता. त्या बायकोला नव्या राणीने दूर करावयास लावले, असे सांगतात. १२५७ साली ऐबक आणखी एक लग्न करू पाहतो असे कळताच राणीने त्याचा खून करविला. मग अलीच्या आईच्या दासींनी लाकडी खडावांनी राणीला ठार मारले, अशी बखरकारांची नोंद आहे. पोरवयाचा अली सुलतान झाला. आणि त्या आनंदात अलीच्या आईने दूध, रोटी व साखर यांचे पक्वान्न करवून नगरात वाटले. तेच हे 'उम्म अली'. अलीचे तख्त दोनच वर्षे टिकले. १२५९ साली त्याला पदच्युत करण्यात आले.

कथा संपल्यावर कोणी काही बोलेना. शेजारच्या एक वृद्ध मराठी बाई गप्पांस आल्या होत्या. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांचे इंदूरकर. त्यांनी खिडकीतून छत्र्यांकडे बोट केले. "आमच्या या पुऱ्याचे नाव ज्यांच्यावरून पडले त्या कृष्णाबाईही एका राजाच्या आईच," त्या म्हणाल्या. १८११ साली यशवंतराव होळकर निवर्तले तेव्हा कृष्णाबाईंचा मुलगा मल्हारराव अगदी लहान होता. कारभार तुळसाबाईंच्या हाती गेला, आणि मूलही त्यांच्याच ओटीत घातले गेले. १८१७ च्या डिसेंबरात, महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, त्यांच्याच लष्करातील विरुद्ध पक्षाने तुळसाबाईंचा क्षिप्रेकाठी वध केला. लढाई हरली, १८१८ च्या आरंभी मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. "परंतु कृष्णाबाईंनी त्या दिवशी साखर वाटली, अशी कथा काही आमच्या माळव्यात मी ऐकली नाही," बाई म्हणाल्या. "पुढे मांसाहेब म्हणून त्यांच्या शब्दाला दरबारात वजन आले, आणि आज त्यांची छत्री येथे उभी आहे."

भगिनींनो, त्या शेवटल्या वाक्यातील 'साखर' माझ्या काळजात रुतली. तीन वर्षांमागे भर उन्हाळ्यात जाऊबाईंच्या वाटणीची विहीर आटली, आणि त्यांची केळ उभी वाळली. माझ्या विहिरीला पाणी होते. मी दिले नाही. इतकेच नव्हे, तर ती वाळलेली केळ पाहून मला बरे वाटले होते. मी मनातल्या मनात साखरच वाटली होती, आणि ते कोणालाही ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. अलीच्या आईला नावे ठेवावयाचा मला काय अधिकार?

भांडे बाहेर आले. सायीवर सोनेरी डाग पडले होते, कडेने दूध रटरटत होते. जाऊबाईंनी पहिली वाटी भरली आणि रीतीप्रमाणे थोरली म्हणून माझ्यापुढे ठेवली. बोलल्या मात्र नाहीत. वाटी घेऊन मी स्वयंपाकघरात त्यांच्यामागे गेले आणि विहिरीचे सारे सांगून टाकले. बरे वाटले होते, तेही सांगितले. त्यांनी ओट्यावरचे फडके उचलले, घडी केली, परत ठेवले. मग म्हणाल्या, "वहिनी, ते मला त्याच दिवशी कळले होते. तुम्ही कुंपणापाशी उभ्या होता. मी घरातून पाहत होते." इतकेच. डोळे दोघींचेही भरले नाहीत. तशा आम्ही दोघीही कठोरच. परंतु दुसऱ्या वाटीत बेदाणे कमी पडले तेव्हा त्यांनी मला डबा कोठे आहे ते सांगितले, आणि चार वर्षांनी मी त्यांच्या फळीला हात लावला.

वाटणीचा वाद अजून मिटलेला नाही. तो कागदावरचा आहे आणि कागदावरच मिटावयाचा. पाण्याचे मात्र ठरले: विहिरीवरून एक नळी कुंपणापलीकडे टाकली आहे. जाऊबाई इंदूरला असल्या तरी त्यांची केळ आता गडी शिंपतो.

निघताना त्यांनी एक वाटी बांधून दिली. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये अशी चाल आहे. ती इंदूरपर्यंत पोचवावयाची म्हणजे टिकाऊ काही हवे, म्हणून मी सुकेळी धाडली. सुकेळी त्याच वाडीच्या केळ्यांची होती.

तेव्हा भगिनींनो, येत्या रविवारी हे गोड करून पाहा. नाव अलीच्या आईचे असले तरी वाटावयाचे कोणाकोणाला, ते आपल्या हाती आहे. सहा वाट्यांचे प्रमाण दिले आहे. घरात माणसे पाच असतील तर सहावी वाटी कोठे जावी, हे मी सांगावयास नको. तुमचे तुम्हांला ठाऊक असेल. फक्त ती गरम असतानाच न्यावी.