चालत्या घराचे परस

मराठीत शौचाला जाण्यासाठी जे सभ्य शब्दप्रयोग रूढ आहेत, ते बहुतेक सगळे दिशा किंवा स्थळ सांगणारे आहेत. परसाकडे जाणे, बहिर्दिशेस जाणे, बाहेर जाऊन येणे, रानात जाणे. क्रियेचे नाव न घेता केवळ दिशा दाखवायची, ही भाषेची शालीनता खरी. पण त्या शालीनतेत एक गृहीतक दडलेले आहे. परस म्हणायला आधी घर हवे, आणि घरामागची जागाही आपली हवी. बहिर्दिशा म्हणायला आत असे काही हवे, ज्याच्या बाहेर पडता येईल. म्हणजे हे शब्द स्थिर घर असलेल्या माणसांनी आपल्यासारख्यांसाठीच घडवलेले आहेत. ज्यांचे घर वर्षातले पाच-सहा महिने चाकावर किंवा परक्याच्या रानात असते, त्यांचे परस कोठे? हा प्रश्न आपल्या साहित्याने क्वचित विचारला आणि समीक्षेने तर तो आपला मानलाच नाही, असे माझे मत आहे.

चकलांबा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले गाव. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तरीही या भागातील मोठ्या क्षेत्राची शेती पावसाच्या भरवशावर चालते आणि पाऊस भरवशाचा नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास गेवराईप्रमाणेच बीडच्या इतर तालुक्यांतूनही ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, आणि पुढे बेळगाव-बागलकोटपर्यंत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. कामावर न जाण्याच्या दिवसाला खाडा म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात. बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पत्र्याची पेटी, पीठ, भांडी, गोधड्या, शेळ्या आणि पोरे लादून निघालेला हा संसार कारखान्याच्या परिसरात किंवा फडाजवळच्या तळावर उतरतो. तिथे बांबू, पाचट आणि अलीकडे ताडपत्री यांच्या कोप्या उभ्या राहतात. कोपीला चूल असते, झोपायची जागा असते. परस नसते.

मागची जमीन शेतकऱ्याची, पुढचा रस्ता सरकारचा, बाजूची विहीर आणखी कोणाची. जाण्यासारखी दिशा एकच उरते, ती म्हणजे उभा ऊस. आणि इथे या व्यवस्थेतली सर्वांत क्रूर विसंगती दिसते. उभा ऊस हाच आडोसा असतो, आणि तो आडवा करणे हेच काम असते. दिवसभर कोयता चालवून बाई आपलाच आडोसा आपल्या हाताने तोडत जाते. फड संपत आला की अंधाराची वाट पाहणे एवढेच तिच्या हाती राहते.

आता याच्या शेजारी एक अगदी वेगळे चित्र ठेवून पाहू. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझाइट नावाचे छोटे गाव आहे. कायम वस्ती जेमतेम काही हजारांची. पण हिवाळ्यात उत्तरेकडच्या थंडीला कंटाळलेली, बहुतांशी निवृत्त मंडळी आपली मोटारघरे घेऊन तिथे लोटतात. गावाशेजारच्या सरकारी जमिनीवर दीर्घ मुक्कामासाठी क्षेत्र राखलेले आहे आणि तिथे हंगामाचा परवाना मिळतो, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. ऊसतोडीच्या हंगामाशी हे वेळापत्रक किती जुळते, हे वाचकांच्या लक्षात येईलच. त्या क्षेत्रात पिण्याचे पाणी, कचरा टाकण्याची सोय आणि मैल्याच्या टाक्या रिकाम्या करण्याचे ठिकाण असते. त्याला तिकडे 'डंप स्टेशन' म्हणतात. मोटारघराच्या पोटात दोन टाक्या असतात. एक शौचाच्या मैल्याची, दुसरी अंघोळ आणि भांडी धुण्याच्या पाण्याची. जाड नळी जमिनीतल्या तोंडाला घट्ट जोडायची, आधी मैल्याची टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची. म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घालायचे, शेवटी झाकण लावायचे, आणि मागच्यासाठी जागा सोडायची. ही ठिकाणे कोठे आहेत हे नकाशावर दाखवलेले असते, रस्त्यावर खुणेच्या पाट्या असतात.

यात कौतुकाने डोळे दिपावेत असे काही नाही. एक साधी कबुली मात्र आहे. माणूस जिथे मुक्काम करतो तिथे त्याचा मैलाही मुक्काम करतो, तेव्हा फिरत्या माणसासाठी स्थिर जागा कोणीतरी आधीच तयार ठेवली पाहिजे. ही कबुली आपल्याला अपरिचित आहे असेही नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. पर्यटकांच्या या चालत्या घरात बिछाना, स्वयंपाकाची जागा आणि शौचालय असावे, आणि ही घरे उभी करण्यासाठी सोयींनी युक्त अशी कॅराव्हॅन पार्क असावीत, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे. प्रश्न एवढाच की महाराष्ट्रातला सर्वांत मोठा कॅराव्हॅन तांडा त्याआधी कितीतरी दशकांपासून दरवर्षी बालाघाटच्या डोंगरातून खाली उतरतो आहे, त्याची माणसे लाखांत मोजावी लागतात, आणि त्याला 'कॅराव्हॅन' म्हणावे असे कोणाला सुचले नाही. हौसेने फिरणाऱ्याचे घर घर ठरले. पोटासाठी फिरणाऱ्याचे घर ठरले 'तात्पुरती व्यवस्था'.

हा शब्दांचाच खेळ आहे, असे कोणी म्हणेल. पण शब्दांवरच मोजदाद उभी असते. ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये झाली. ही मोजणी घरागणिक होती. स्वच्छ भारत अभियानात शौचालयासाठी १२,००० रुपयांचे अनुदान मिळत होते, आणि तेही गावातल्या घराला. अशा गावात ज्या घराला दसऱ्यानंतर कुलूप लागते, त्याचे शौचालय कागदावर बाराही महिने वापरात असते. त्या घरातली माणसे जिथे असतात तिथे शौचालय नसते, आणि जिथे शौचालय असते तिथे माणसे नसतात. आकडा खोटा नाही. पण त्याने माणूस न मोजता भिंत मोजली.

या गैरसोयीची किंमत बाईच्या शरीरातून वसूल होते. अंधार पडेपर्यंत थांबायचे म्हणून पाणी कमी प्यायचे, पाळीत स्वच्छतेला आडोसा नाही, पाणी नाही. त्यातून जंतुसंसर्ग आणि अंगावर काढलेली दुखणी. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागे खाड्याची भीती, डॉक्टरांचा लोभ, कमी वयातली लग्ने आणि बाळंतपणे अशी अनेक कारणे गुंतलेली आहेत आणि ती सगळी आडोशाच्या एका प्रश्नावर ढकलणे अन्यायाचे होईल. पण त्या साखळीतल्या पहिल्या कड्यांपैकी एक तळावरच्या त्या न बांधलेल्या चार भिंतींत आहे, हे नाकारता येणार नाही.

आता साहित्याकडे वळू. फिरत्या जमातींचे जगणे मराठीत आले ते प्रामुख्याने आत्मकथनांतून. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली प्रसिद्ध झाले आणि गाढवांच्या पाठीवरून गावोगाव हिंडणारे कैकाडी बिऱ्हाड मध्यमवर्गीय वाचकाच्या घरात उतरले. दुसऱ्यांचा मैला उपसणाऱ्यांविषयी अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांनी 'नरकसफाईची गोष्ट' लिहिली. म्हणजे लिहिणाऱ्यांनी तोंड फिरवले, असे म्हणता येत नाही. तोंड फिरवले ते वाचणाऱ्यांनी. अशा पुस्तकांना आपण 'दाहक', 'विदारक', 'अस्वस्थ करणारे' ही विशेषणे दिली, अनुभवाची अस्सलता तपासली, बोलीचे सामर्थ्य वाखाणले, आणि परीक्षेत त्यावर पंधरा गुणांचा प्रश्न काढला. स्थलांतर हे आधुनिक माणसाच्या तुटलेपणाचे प्रतीक आहे, असेही लिहून झाले. प्रतीक झालेल्या माणसाला अर्थातच संडास लागत नाही.

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की हे प्रशासनाचे काम, साहित्याचे नव्हे. खरे आहे, खड्डे खणणे समीक्षकाचे काम नाही. पण 'घर', 'गाव', 'बाहेर' या शब्दांचा अर्थ काय आणि तो कोणासाठी, हे तपासणे समीक्षकाचेच काम आहे. हे शब्द तपासले नाहीत की त्यांच्यावर उभ्या राहिलेल्या योजना चुकतात.

दुसरा आक्षेप असा की फिरती वस्ती, आज इथे उद्या तिथे. सोय करणार तरी कोठे? याचे उत्तर पंढरपूरच्या वाटेवर मिळते. वारी रोज मुक्काम बदलते; आणि गेल्या दशकापासून पालखीमार्गावरच्या मुक्कामांवर फिरती शौचालये आधीच जाऊन उभी राहू लागली. खुद्द पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातला मैला माणसांकडून उचलून घेतला जाई. त्याविरुद्धच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले, तेव्हा शौचालयांच्या सोयीला गती आली. भाविकांच्या चालत्या गावाला जे मिळू शकते, ते मजुरांच्या चालत्या गावाला मिळणे अशक्य कसे? शिवाय ऊसतोडीचा तळ वारीइतका चंचलही नाही. कोणती टोळी कोणत्या फडावर आहे, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला आणि चिटबॉयला रोज ठाऊक असते. उसाच्या प्रत्येक खेपेची नोंद काट्यावर होते. ज्या यंत्रणेला मोळी सापडते, तिला मोळी बांधणारी बाई सापडत नाही, हे पटण्यासारखे नाही.

उपायही अनोळखी नाही. कारखान्यांनी आपल्या नेहमीच्या तळांवर दोन शोषखड्ड्यांची शौचालये, न्हाणीघरे आणि पाण्याची टाकी हंगामापूर्वी उभी करावीत. एक खड्डा भरला की तो बंद करून मैला दुसऱ्यात वळवायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे वर्ष-दीड वर्षात निर्धोक खत होते. अशा खताला मराठीत पूर्वापार 'सोनखत' म्हणतात. खड्ड्यात माणूस उतरवण्याची वेळ येऊ नये, हे मात्र पक्के हवे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणे हा गुन्हा आहेच. दूरच्या फडांसाठी वारीसारखीच फिरती शौचालये आणि त्यांच्या टाक्या रिकाम्या करायला कारखान्याच्या आवारात एक ठरलेली, खुणेची जागा, म्हणजे क्वार्टझाइटमध्ये असते तशीच. हा खर्च साखरेच्या उत्पादनखर्चात धरला जावा, कल्याणनिधीत नव्हे. ज्याच्यावाचून गाळप होत नाही, त्या माणसाची गरज ही दया नसते, खर्च असतो.

आणि साहित्याच्या वर्गात, निदान बीड, गेवराई, माजलगाव, पाटोदा इथल्या महाविद्यालयांत, एक करता येईल. तिथल्या बाकांवर कोपीत वाढलेली मुले-मुली बसलेली असतात. त्यांना 'स्थलांतर : एक चिंतन' असा निबंध घालण्याऐवजी तळाचा नकाशा काढायला सांगावा. चूल कोठे, बैल कोठे, पाणी कोठे, आणि आई पहाटे कोणत्या दिशेने जात असे. त्या शेवटच्या बाणाच्या टोकाशी कोणाची जमीन होती, तेही लिहायला लावावे. परस या शब्दाचा अर्थ शब्दकोशाला पुन्हा लिहावा लागेल, तो त्या नकाशांवरून.