गाठ कोणत्या वयाची?

आमची आत्या बासष्टाव्या वर्षी पुन्हा 'बाजूला बसू' लागली. म्हणजे तिला कोणी बसवले नव्हते. पण ज्या दिवशी डाग दिसे त्या दिवशी ती देवघरात पाऊल टाकत नसे आणि विचारले तर "आज गुडघा दुखतोय" म्हणे. पाळी जाऊन बारा वर्षे झालेल्या बाईला पुन्हा रक्त दिसते, यात काही वावगे आहे हे तिला कळत नव्हते असे नाही. तिने शेजारच्या एका जाणत्या बाईला विचारलेही. त्या म्हणाल्या, "अहो, अंगात उष्णता झाली असेल. सब्जा घ्या." आत्या आठ महिने सब्जा घेत राहिली. घरात कळले ते धुणेवाल्या मावशींमुळे.

निदान झाले ते गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे. तिचे नशीब असे, की हा रोग आतल्या आत गुपचूप वाढणाऱ्यांपैकी नाही. तो लवकर रक्ताची खूण दाखवतो, आणि वेळेवर पकडला तर बहुतेक वेळा नुसत्या शस्त्रक्रियेने निपटतो. ज्या डॉक्टरीणबाईंकडे तिला नेले त्यांनी पहिला प्रश्न केला, "वय काय?" दुसरा, "पाळी जाऊन किती वर्षे झाली?" पोटाला हात लावण्याआधी त्यांच्या मनात अर्धे निदान झाले होते. एक वर्षभर पाळी आली नाही, की ती गेली असे समजायचे; त्यानंतर दिसलेला रक्ताचा एक थेंबही तपासल्याशिवाय सोडायचा नाही, हा त्यांच्या शास्त्रातला अगदी प्राथमिक नियम. आमच्या घरातल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाला तो ठाऊक नव्हता.

बाईच्या ओटीपोटातल्या गाठीला वय असते. सोनोग्राफीच्या कागदावर 'अंडाशयात चार सेंटिमीटरची गाठ' एवढीच ओळ असली, तर तिचा अर्थ बाविसाव्या वर्षी एक आणि बासष्टाव्या वर्षी दुसरा. बाविशीत ती पातळ भिंतीची, नुसत्या पाण्याची गाठ असेल तर ती बहुधा पाळीच्या चक्रातूनच आलेली असते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे तर ती जागेवर नसते. बासष्टीतही साधी, लहान, पाण्याची गाठ पुष्कळदा निरुपद्रवीच निघते. पण ती घट्ट असेल, आत पडदे असतील, पोटात पाणी असेल, तर तिथे वाट पाहत बसायचे नाही. १९९० साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी ही गाठ कर्करोगाची असण्याचा धोका मोजायचे एक सूत्र मांडले. सोनोग्राफीतील खुणांचे गुण आणि रक्तातील 'सीए-१२५' या घटकाचा आकडा यांचा गुणाकार करायचा, आणि त्याला पुन्हा गुणायचे : पाळी चालू असेल तर एकाने, गेली असेल तर तिनाने. वयाचे वजन इतक्या उघडपणे आकड्यात मांडलेले दुसरे उदाहरण वैद्यकात चटकन सापडणार नाही.

हा 'सीए-१२५' हल्ली फार बोकाळला आहे. 'फुल बॉडी चेकअप'च्या यादीत तो असतो, आणि पस्तिशीच्या बाईचा आकडा जरा वर गेला की घरात सुतकी शांतता पसरते. वास्तविक पाळी चालू असलेल्या वयात तो पाळीच्या दिवसांत वाढतो, गर्भाशयातील साध्या गाठींत वाढतो, पोटाच्या क्षयातही वाढतो. पोटात पाणी, अंग खंगलेले, आकडा वाढलेला, म्हणून अंडाशयाचा कर्करोग समजून पोट उघडावे आणि आत निघावा क्षय, हे आपल्या देशातल्या शल्यविशारदांना नवीन नाही. तो क्षय गोळ्यांनी बरा होतो. आकडा खरा असतो. पण तो कोणाच्या पोटातला आहे हे आधी विचारावे लागते.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो सर्वांत लहान वयाच्या मुलींवर. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे पोट वाढू लागले की घरात पहिली शंका कोणती येते, हे लिहून दाखवायची गरज नाही. अंडाशयातील बीजपेशींपासून निघणाऱ्या गाठी नेमक्या याच वयात होतात, आणि त्या आठवड्या-आठवड्यांत वाढतात. त्यातल्या काही गाठी गरोदरपणातले संप्रेरकही तयार करतात. म्हणजे लघवीची साधी तपासणी केली तर ती 'गरोदर आहे' असे सांगू शकते! मग त्या मुलीला कोणी काय काय विचारले असेल, तिला मारही बसला असेल का, याची कल्पना केलेली बरी. अशा वेळी तिला प्रश्न विचारण्याआधी पोटावरून सोनोग्राफी करावी. कुमारिकेची आतून तपासणी करावी लागत नाही, मूत्राशय भरलेले असले की पोटावरूनच सगळे दिसते. 'आतून तपासतील' या भीतीने कितीतरी आया मुलींना डॉक्टरांपर्यंत नेतच नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आणि ही गाठ कर्करोगाची निघाली तरी तो आत्यासारखा कर्करोग नव्हे. १९७०च्या दशकात सिसप्लॅटिन हे औषध आले आणि या मुलींचे भवितव्यच पालटले. आज तीन औषधांचा ठरलेला क्रम दिला की त्यांतल्या बहुतेक मुली पूर्ण बऱ्या होतात. रोग पोटात पसरलेला असला तरीही. म्हणूनच शस्त्रक्रिया करताना हात आखडता घ्यायचा असतो. ज्या बाजूला गाठ आहे तेवढेच अंडाशय काढायचे, दुसरे आणि गर्भाशय जागेवर ठेवायचे. पाळी पुन्हा सुरू होते, पुढे मुलेही होतात. पण हे माहीत नसलेल्या एखाद्या सर्जनने 'कॅन्सर आहे' म्हणून घाईने सगळे साफ केले, तर मुलगी वाचते खरी, पण सोळाव्या वर्षी म्हातारी होते. म्हणून वेळ असेल, मुलगी स्थिर असेल, तर पहिली शस्त्रक्रियाच कर्करोगाच्या जाणकाराकडून करवून घ्यावी. गाठीला पीळ पडून मुलगी तळमळत असेल तर अर्थात मिळेल तिथे जावे लागते. तिथेही डॉक्टरांना एवढे म्हणता येते, की जेवढे अटळ आहे तेवढेच काढा.

'लग्नाचं काय?' हा प्रश्न मात्र ऑपरेशन थिएटरच्या दारातच विचारला जातो. मुलीचा बाप विचारतो, कधी आजी विचारते. मी त्यांना दोष देणार नाही. पण ती मुलगी शुद्धीवर आल्यावर तिला काय वाटते, हे विचारणारे त्या घोळक्यात एखादेच असते.

तिशी-चाळिशीचा प्रश्न निराळा. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, तो विषाणू शोधण्याची तपासणी तिशीच्या आत सरसकट का करत नाहीत? कारण त्या वयात त्याचा संसर्ग सर्रास असतो आणि बहुतेक जणींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपसूक निघून जातो. तिशीनंतर जो टिकून राहतो तो धोक्याचा. या बाबतीत साऱ्या जगाला धडा मिळाला तो आपल्या मराठवाड्यातून. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांमधल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया या पाहणीत होत्या. टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे काम. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाला आयुष्यात एकदाच ही विषाणूची तपासणी देऊ केली, त्यात आठ वर्षांत या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. ज्या गटाला नेहमीच्या सोयींवर सोडले होते, त्यात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. ज्या बायकांनी हे जगाला शिकवले त्या ज्वारी काढणाऱ्या, निरक्षर बायका होत्या. आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या घरांतल्या किती जणींनी ही तपासणी करून घेतली आहे, हे आज जेवताना विचारून पाहायला हरकत नाही. लस तर याहून लहान वयाची : नऊ ते चौदा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. संसर्गाआधी दिली तर ती पुरेपूर उपयोगी, म्हणून हे वय. त्यात लाजण्यासारखे काही नाही. गोवराची लस देताना आपण कुठे लाजतो?

आता पिशवीतल्या साध्या गाठींकडे, म्हणजे 'फायब्रॉइड'कडे वळू. पाळी चालू असलेल्या वयात त्या कमालीच्या सर्रास आढळतात, पाळी गेली की बहुधा आकसतात, आणि त्यांचा कर्करोग होणे फार दुर्मिळ. अनेक गाठींना काही करावेच लागत नाही. रक्तस्राव फार असेल तर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकाचे साधन आहे, गाठीचा रक्तपुरवठा तोडण्याचे तंत्र आहे, पिशवी राखून नुसती गाठ काढता येते. व्हिक्टर बॉनी या इंग्रज सर्जनच्या पत्नीची पिशवी अशाच गाठींपायी तरुणपणी काढावी लागली होती, त्यांना मूल झाले नाही. पुढे या माणसाने आयुष्यभर इतर बायकांच्या पिशव्या राखून शेकडो वेळा नुसत्या गाठी काढल्या. हे सारे शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेले काम. आणि आपण?

आपल्याकडे 'आता मुलं झाली ना, मग ठेवायची कशाला? काढून टाका' हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते, जणू पिशवी म्हणजे माळ्यावरची अडगळ. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच हा प्रश्न बायकांना विचारला गेला. पन्नाशीच्या आतल्या ज्यांची पिशवी काढलेली होती, त्यांतल्या निम्म्या जणींची ती चौतिसाव्या वर्षापर्यंतच गेली होती. बीडची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे, पण आकडा पुन्हा लिहितो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहांमागे एक. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', मुकादमाकडून घेतलेली उचल, एका दिवसाचा खाडा पडला की दंड, फडात ना आडोसा ना पाणी. अशा जगण्यात पाळी हीच अडचण ठरते. त्यात कोणीतरी सांगतो, "पिशवी सडलीय, कॅन्सर होईल." पांढरे जाण्यावर साध्या गोळ्यांनी भागले असते तिथे सुरी चालते. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली तर पस्तिशीतच हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयाचा धोका वाढतो, आणि तीच बाई पुढच्या हंगामात पुन्हा मोळी डोक्यावर घेते. कर्करोगाचे नाव घेऊन जिथे कर्करोग नाही तिथे वय पळवून नेण्याचा हा प्रकार आहे.

याच वयात खरा कर्करोग झाला तरी वाट कशी काढता येते, पाहा. फ्रान्समधल्या लियॉनचे डॉ. दार्जां यांनी १९९४ साली अशी शस्त्रक्रिया मांडली, की गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग अगदी लहान असेल तर तोंडच तेवढे काढायचे, वरची पिशवी ठेवायची आणि पुढे गर्भ सांभाळण्यासाठी तिला टाका घालायचा. ढिल्या पडलेल्या गर्भाशयमुखाला असा टाका घालून गर्भ राखण्याची युक्ती जगाला १९५५ साली सांगितली होती ती गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत नाव कमावलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी.

उरल्या म्हाताऱ्या. त्यांच्याबाबतीत चूक नेमकी उलटी होते. चौतिशीत जे कारण नसताना काढतात, ते चौऱ्याहत्तरीत कारण असताना काढत नाहीत. 'आता या वयात कशाला हाल?' हे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. बहुतेक वेळा ती खरोखरच कळवळून बोलतात. पण हाल न करता सोडलेला रोगही हाल करतो, हे ती विसरतात. पोट फुगल्यासारखे वाटणे, दोन घासांत पोट भरणे, पुन्हापुन्हा लघवीला जावे लागणे ही अंडाशयाच्या कर्करोगाची चिन्हे. आणि साठीच्या बाईला आपण त्यावर ओवा देतो, कारण 'म्हातारपणी गॅस व्हायचाच'. उपचार ठरवताना जाणकार डॉक्टर जन्मसालाइतकेच दुसरे काही पाहतो. बाई जिना चढते का, आपली आंघोळ आपण करते का, जेवते किती, स्मरण कसे आहे, मधुमेह-हृदयाच्या गोळ्या किती. काटक सत्तरीला पूर्ण उपचार झेपतात, आणि पन्नाशीच्या खंगलेल्या बाईला कधी मात्रा कमी करावी लागते. गर्भाशयाच्या तोंडाच्या रोगावर किरणोपचार तर पंचाहत्तरीतल्या बायकाही नीट पार पाडतात. आणि तिला नकोच असतील उपचार, तर तेही तिच्या तोंडून आले पाहिजे. त्यासाठी तिला आधी रोगाचे नाव सांगावे लागते, जे आपण चारचौघांत कुजबुजतो आणि नेमके तिच्यापासून लपवतो.

आम्हीही लपवले. आत्याला 'पिशवीला सूज आहे' असे सांगितले होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढले आणि तिच्याशी वीस मिनिटे बोलल्या. आम्ही आत गेलो तेव्हा आत्या म्हणाली, "मला ठाऊक होतं रे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प होते." त्यानंतर ती अकरा वर्षे जगली. शेवटपर्यंत तिची एक सवय होती. सुटीला माहेरवाशिणी जमल्या, मटार सोलायला बसल्या, की ती पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकीला एकेक करून जवळ बोलावी आणि आवाज मुळीच न उतरवता विचारी, "काय गं, तुझं गेलं ना? मग परत काही दिसत नाही ना?" घरातले पुरुष उठून गॅलरीत जात. ती त्यांना हाक मारी : "बसा रे, तुम्हीही ऐका."