आपत्ती आणि हरकत



भाषांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड ग्रंथ आणि शब्दकोशात मान घालून बसलेले पंडित उभे राहतात. परंतु आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात भाषांतराचे काम पुष्कळदा दहाबारा वर्षांची मुले करीत असतात, ही गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर राजधानी असलेले जुने राज्य मोडले, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि घरची भाषा मराठी आणि कचेरीतल्या कागदाची भाषा हिंदी, हे अंतर कायमच आहे. ते ओलांडण्यासाठी आजी-आजोबा नातवंडांना हाक मारतात.

अशीच हाक आमच्या एका विद्यार्थ्याला आली. आजीच्या नावे वावराच्या नामांतरणाची, म्हणजे आपण ज्याला फेरफार म्हणतो त्याची, नोटीस आली होती. कुणाची ‘आपत्ति’ असल्यास ती पंधरा दिवसांच्या आत कळवावी, असा तिचा आशय होता. मुलाने एकही उच्चार न चुकता नोटीस वाचून दाखविली. आजी म्हणाली, “आपल्यावर काही आपत्ती नाही बाप्पा, ठेवून दे तो कागद.” कागद देवाच्या तसबिरीमागे गेला. पुढे मुलाने तो सहज मला दाखविला, तेव्हा मुदतीचे दोनच दिवस उरले होते. हिंदीत आपत्ति म्हणजे संकट खरेच. परंतु कचेरीच्या भाषेत आपत्ति म्हणजे हरकत. आणि हिंदीत ‘हरकत’ म्हणावे, तर तिचा अर्थ हालचाल किंवा खोडी! आजीची त्या फेरफारास हरकत होती, आणि ती सकारण होती. तिचा अर्ज वेळेत पोहोचला. आणखी दोन दिवस तो कागद तसबिरीमागे राहता, तर केवळ एका शब्दापायी आजीचे म्हणणे कुणी ऐकलेच नसते.

या चुकीबद्दल मी त्या मुलाला दोष देत नाही. माझी घरची भाषा कोकणी. मराठीशी तिचे इतके जवळचे नाते आहे की, एकीतून दुसरीत जाताना उंबरठा ओलांडल्याचे भानही राहत नाही. आणि ठेच नेमकी तिथेच लागते. उपकाराची जाणीव झाली की आम्ही ‘देव बरें करूं’ म्हणतो. त्याचे मराठी ‘धन्यवाद’ असे केले, तर व्यवहार साधतो. परंतु समोरच्याचे कल्याण देवाने करावे ही त्यातील प्रार्थना मागेच राहते. सर्वस्वी परकी भाषा आपल्याला सावध ठेवते. बहिणीसारखी भाषा मात्र बेसावध गाठते. हिंदीतील शिक्षा, संसार, राजीनामा, चेष्टा हे शब्द आपल्या ओळखीचे वाटतात, म्हणूनच ते फसवितात.

मग शब्दाला चिकटावे की आशयाला? हा प्रश्न फार जुना आहे आणि आपल्या थोर पुरुषांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानेश्वरांनी १२९० साली त्यांचा भावार्थ सांगताना सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. विनोबांनी १९३०-३१ मध्ये, आपल्यापासून फार दूर नसलेल्या वर्ध्यास, ‘गीताई’ लिहिली, ती मात्र श्लोकास श्लोक अशी. एकाने विस्तार केला, दुसऱ्याने संयम पाळला. तरी दोघेही यशस्वी झाले. कारण आपण कुणासाठी बोलत आहोत, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. संस्कृत न जाणणारा श्रोता ज्ञानेश्वरांच्या समोर होता. विनोबांच्या मनात, गीता मराठीतून समजावी अशी इच्छा बोलून दाखविणारी त्यांची आई होती. माझ्या मते भाषांतराचे मर्म येथेच आहे. मूळ लेखकाशी इमान राखावेच. परंतु ज्याला आपण ते ऐकवितो, त्याच्याशीही तितकेच राखावे. आजीला नुसते शब्द ऐकू आले, अर्थ पोहोचला नाही. म्हणून ते वाचन बिनचूक असूनही भाषांतर ठरले नाही.

“मुलांना सरळ हिंदीतच शिकवावे, म्हणजे भाषांतराची कटकटच नको,” असे काही पालक म्हणतात. “हिंदी तर सर्वांनाच समजते, ती वेगळी काय शिकायची?” असे दुसरे म्हणतात. मला दोन्ही मते मान्य नाहीत. हिंदी नीट न शिकल्यामुळे नोटीस चुकली; पण त्या मुलाजवळ ‘हरकत’ हा मराठी शब्द नसता, तर तिचा अर्थ आजीला कोणत्या शब्दाने सांगितला असता? पुलाला दोन्ही तीरांवर पाया लागतो. आपल्याच राज्यात, दमोह जिल्ह्यात, १८७१ साली जन्मलेले माधवराव सप्रे मराठी मातृभाषेचे. त्यांनी ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, आणि हिंदी जगतात त्यांना मोठा मान मिळाला. हिंदीची सेवा करण्यासाठी त्यांना मराठी टाकावी लागली नाही. उलट मराठीची शिदोरी जवळ होती, म्हणूनच हिंदीला देण्याजोगे काही त्यांच्यापाशी होते.

तेव्हा मित्रहो, एक वही करा. दोन्ही भाषांत सारखे दिसणारे परंतु अर्थाने वेगळे असणारे शब्द तीत टिपून ठेवा. घरी कागद आला, तर आधी तो शेवटपर्यंत वाचा, मग मिटून ठेवा आणि त्यात काय लिहिले आहे ते आपल्या मराठीत सांगा. सांगता आले नाही, तर आपल्यालाच ते समजलेले नाही, असे खुशाल समजावे व जाणत्यास विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. शेवटी आजीला विचारा, “आता तूच सांग, त्यात काय आहे?” तिने बरोबर सांगितले, तर तुमचे भाषांतर उत्तीर्ण झाले.

त्या परीक्षेला गुण नसतात. परंतु कधी कधी तिच्यावर एखाद्या घराचे वावर अवलंबून असते.