‘ॲपर्चर हलत नाही’ म्हणण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी माझ्याकडे तिचा कॅमेरा घेऊन आली. पहिल्या वर्षाच्या पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलेला डीएसएलआर, सोबत 18-55ची किट लेन्स. चेहरा पार उतरलेला. “सर, मॅन्युअलला टाकलं की ॲपर्चर हलतच नाही. दुकानात दाखवला, तर म्हणाले लेन्स गेली, नवीन घ्या. तोपर्यंत ऑटोवर काढा.” मी कॅमेरा तिच्याच हातात राहू दिला. शटरच्या बटणाजवळ अधिक-उणे अशी खूण असलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबून धर आणि मग डायल फिरव, एवढंच सांगितलं. पडद्यावर 5.6 होतं. त्याचं 6.3 झालं, मग 7.1, मग 8. लेन्स ठणठणीत होती. त्या मुलीला नव्या लेन्सच्या खर्चात घालायला निघालेल्या सल्ल्याचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही. हा लेख त्यातूनच लिहितो आहे.

पहिला आक्षेप नेहमीचा: ‘मॅन्युअलमध्ये ॲपर्चर ऐकत नाही, म्हणजे यंत्रात दोष आहे.’ सुरुवातीच्या श्रेणीतल्या बहुतेक डीएसएलआरना एकच डायल असते. मॅन्युअल मोडमध्ये ती नुसती फिरवली तर शटरचा वेग बदलतो. ॲपर्चर बदलायचं तर एक बटण दाबून धरावं लागतं. निकॉनच्या छोट्या कॅमेऱ्यांवर ते अधिक-उणेचं, कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांवर तीच खूण आणि ‘एव्ही’ ही अक्षरं असलेलं. हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण पुस्तिका उघडण्याआधीच ‘बिघडलाय’ हा निकाल लागतो.

दुसरी तक्रार: ‘आकडा 3.5 पर्यंत खाली जायचा, आता 5.6च्या खाली येतच नाही.’ तेव्हा झूम कुठे आहे ते बघा. किट लेन्सच्या तोंडाशी 3.5-5.6 असं कोरलेलं असतं. 18 मिलिमीटरला छिद्र 3.5 पर्यंत उघडतं, 55ला गेलात की 5.6च्या पुढे उघडत नाही. ही त्या लेन्सची मर्यादा आहे आणि ती तिच्या अंगावरच लिहिलेली आहे.

तिसरी तक्रार जरा फसवी: ‘आकडा बदलतो, पण फोटो तेवढाच उजळ येतो.’ इथे बहुधा आयएसओ ऑटोवर राहिलेला असतो. तुम्ही एफ/4 वरून एफ/16 वर गेलात, म्हणजे प्रकाश 4 स्टॉपनी, सोळा पटींनी कमी केलात. कॅमेऱ्याने मुकाट्याने आयएसओ 100 चा 1600 केला आणि उजेडाची भरपाई करून टाकली. ॲपर्चरने आपलं काम चोख केलं. ते तुमच्या नजरेआड झालं इतकंच. आयएसओ एका आकड्यावर बांधा, फरक लगेच दिसेल.

चौथी: ‘व्ह्यूफाइंडरमधून बघताना काहीच बदलत नाही.’ बदलणारच नाही. डीएसएलआर छिद्र पूर्ण उघडं ठेवूनच तुम्हाला दृश्य दाखवतो, म्हणजे उजेड पुरेसा मिळतो. पाती मिटतात ती शटर दाबल्या क्षणी. खात्री करायची असेल तर शटर 1 सेकंद आणि ॲपर्चर 16 ठेवा, कॅमेरा उलटा धरून लेन्समध्ये समोरून बघा आणि बटण दाबा. आतली पाती झपकन मिटून मध्ये बारीकसं भोक उरतं, आणि सेकंदाने सगळं पुन्हा सताड उघडतं. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, त्याला ॲपर्चर म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

खरा बिघाड होतच नाही, असं माझं म्हणणं नाही. पात्यांवर तेल उतरून ती चिकटतात. दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. संपर्कबिंदू मळले की कॅमेऱ्याला लेन्स ओळखता येत नाही. निकॉनच्या स्वतःची ॲपर्चर-कडी असलेल्या जुन्या लेन्सवर कडी सगळ्यात मोठ्या आकड्याला लावून अडकवली नसेल, तर पडद्यावर चूक दाखवणारी खूण लुकलुकते. पण बिघाड ठरवायची रीत आहे. बटण, झूम, आयएसओ, संपर्कबिंदू, या क्रमाने बघा. मग एकाच उजेडात, आयएसओ आणि शटर न हलवता, एफ/5.6 आणि एफ/16 असे दोन फोटो काढा. दुसरा स्पष्टपणे काळोखा आला तर लेन्स निर्दोष. दोन्ही सारखेच आले तरच दुरुस्तीवाल्याकडे जा. ही चाचणी फुकट आहे. ती न करता लेन्स बदलायला सांगणं मला सरळसरळ बेजबाबदारपणाचं वाटतं.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे: ‘आजचे कॅमेरे हुशार आहेत. ही डोकेफोड करायचीच कशाला?’ कॅमेरा हुशार आहे हे मला मान्य आहे. तो उजेड मोजतो, चेहरा ओळखतो. पण त्याचं माप मधल्या करड्या छटेवर बेतलेलं असतं. पांढऱ्या धोतर-टोप्यांनी चौकट भरली की ऑटो त्यांना मळकट करतो. काळ्याभोर म्हशीने चौकट भरली की तिला फिकी करतो. काळ्या पडद्यापुढे प्रकाशझोतात उभ्या नटाचा चेहरा पांढराफटक पडतो, तो याच कारणाने. आणि एक्स्पोजर अचूक लागलं तरी एक प्रश्न उरतोच: काय स्पष्ट ठेवायचं आणि काय विरघळू द्यायचं? हे उजेड मोजून ठरत नाही. ते बघणाऱ्याला ठरवावं लागतं.

या ठरवण्याला किती मोल आहे? ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन या छायाचित्रकारांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1932 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात आपल्या गटाचं नावच एफ/64 ठेवलं. मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यांवरचं ते अतिशय बारीक छिद्र, जवळच्या दगडापासून दूरच्या शिखरापर्यंत सगळं लख्ख दाखवणारं. तेव्हा धूसर, चित्रासारख्या छायाचित्रांची चाल होती. तिच्या विरोधात उभं राहताना त्यांनी आपली भूमिका एका ॲपर्चरच्या आकड्यात सांगितली.

इतकं म्हटल्यावर ‘खरा छायाचित्रकार मॅन्युअलच वापरतो’ या बढाईलाही मला विरोध केला पाहिजे. लग्नमंडपात अंतरपाट खाली जाण्याचा क्षण डायल फिरवत बसणाऱ्यासाठी थांबत नाही. तिथे ॲपर्चर आपण धरावं आणि शटर कॅमेऱ्यावर सोपवावं, यात कमीपणा काहीच नाही. मॅन्युअलचं महत्त्व शिकण्यासाठी आहे. तिथे ॲपर्चर, शटर आणि आयएसओ ही तीनही सूत्रं आपल्या हातात असतात, म्हणून एक ओढलं की दुसऱ्याला किती ताण बसतो ते कळतं. 50 मिलिमीटरच्या लेन्सला एफ/2 म्हणजे 25 मिलिमीटरचं छिद्र आणि एफ/8 म्हणजे सव्वासहाचं. आकडा हा भागाकार आहे, म्हणून तो वाढला की छिद्र लहान होतं. ही साधी गोष्ट घोकून विसरली जाते, पण चार काळे आणि चार पांढरेफटक फोटो काढून शिकली की अंगात मुरते. चुकलेला फोटो मॅन्युअलमध्ये कारण सांगतो. ऑटोमध्ये तो नुसताच चुकतो.

ती मुलगी महिन्याने दोन फोटो घेऊन परत आली. खिडकीशी बसून सुपात तांदूळ निवडणारी तिची आजी, दीड मीटरवरून, झूम 55 ला. पहिला एफ/5.6 वर, आयएसओ 400. बोटं आणि दाणे लख्ख, चेहरा मागे मऊ झालेला. दुसरा एफ/16 वर. तीन स्टॉपची भरपाई तिने स्वतः केली होती, आयएसओ 3200 करून. त्यात दाणेही होते आणि आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्याही, थोडी कणी आली होती ती वेगळी. “ऑटोने यातला कुठला काढला असता?” तिने विचारलं. मी म्हटलं, त्याला यातली आजी कोण हेच माहीत नाही. तिने दुसरा फोटो मोठा करून घेतला. आजीचा चेहरा हवा होता, म्हणाली, कणी चालेल.