थुंकी कोणी झेलायची?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक दंतवैद्यांनी पाठवलेला लॅब रिपोर्ट टेबलावर आहे. रुग्ण पन्नाशीच्या बाई. दोन वर्षांत आठ दातांना मुळाशी कीड. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, आणि कानाखालची सूज येते-जाते. शोग्रेनचा संशय घ्यायला आणखी काय हवे? डॉक्टरांनी लाळेचा नमुना घेतला, बर्फात ठेवला आणि बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिनसाठी शहरातल्या मोठ्या लॅबकडे रवाना केला. पाच दिवसांनी उत्तर आले : 'एएफबी आढळले नाहीत.' खाली शेरा : 'नमुना लाळेसारखा आहे. खोल खोकून पुन्हा द्यावा.'

लाळ पाठवली, ती लाळ निघाली म्हणून नापास झाली!

हसून सोडून देता आले असते, पण रिपोर्ट आधी पोचला तो बाईंच्या घरच्या मोबाइलवर. 'एएफबी' म्हणजे काय हे सुनेने शोधून काढले आणि त्या रात्री सासूबाईंचे ताट-वाटी वेगळे झाले. 'आढळले नाहीत' हे शब्द वाचायला घरात कोणी थांबले नाही. ते ताट पुन्हा पंगतीत आणायला डॉक्टरांना दोनदा घरी जावे लागले.

ही तक्रार एकट्याची असती तर संपादकीयाची जागा खर्च केली नसती. गेल्या काही महिन्यांत नाशिक, लातूर आणि मडगावहून अशाच मजकुराची पत्रे आली आहेत. एका ठिकाणी नमुना कल्चरला लावला गेला आणि तोंडात असायचेच ते जंतू वाढले. त्यावर अँटिबायोटिकच्या संवेदनशीलतेची यादीही छापून आली. दुसरीकडे काउंटरवरच्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितले, "सर, सिस्टिममध्ये लाळ येत नाही. थुंकी टाकू का?"

मेख इथेच आहे. नमुन्यांच्या यादीत सीरम, प्लाझ्मा, लघवी, शौच, पू, पाठीच्या कण्यातले पाणी, सगळे आहे. लाळ नाही. जवळचा शब्द म्हणून 'स्प्युटम'वर बोट पडते. क्षयरोगाच्या कामात आपण वर्षानुवर्षे त्यालाच 'थुंकी तपासणी' म्हणत आलो, त्यामुळे भाषाही मदतीला येत नाही. छातीतून आलेला बेडका आणि लाळग्रंथीतून पाझरलेली लाळ, दोन्ही एकाच डबीत. आणि मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर 'लाळ' हा शब्द फक्त नमुना नाकारण्याचे कारण म्हणून जिवंत आहे : स्लाइडवर चपट्या एपिथेलियल पेशींची गर्दी दिसली की 'सॅलायव्हरी सॅम्पल' असा शेरा पडतो. त्यांच्या दृष्टीने तो बरोबरच आहे.

आम्ही एका लॅबच्या व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, आमच्या किटवर सीरम लिहिले आहे, लाळेवर ती चाचणी आम्ही पडताळलेली नाही, मग रिपोर्ट कसा देणार? मान्य. यात त्यांचा दोष नाही. सीरमसाठी ठरवलेली मर्यादा लाळेला लावून आकडा छापला असता तर ते जास्त वाईट झाले असते. पण मग काउंटरवर नमुना घेतला का? पैसे घेतले का? मागितलेली चाचणी गुपचूप बदलून दुसरीच का केली? 'आम्ही हे करत नाही' एवढे एक वाक्य लिहून डबी परत करायला कोणती मान्यता लागते? व्यवस्थापकांचे उत्तर होते, "त्यासाठी 'इतर' हा पर्याय निवडावा लागतो, आणि त्याला वरून मंजुरी घ्यावी लागते." म्हणजे चूक करायला मंजुरी लागत नाही, नकार द्यायला लागते. मे 2021 मध्ये नागपूरच्या नीरीने विकसित केलेल्या सलाइन गुळण्यांच्या आरटी-पीसीआर पद्धतीला आयसीएमआरने मान्यता दिली. तोंडातून आलेला नमुना शास्त्राला तेव्हा चालला. लाळेला यादीत एक ओळ मिळायला पुढची महासाथ यावी लागणार आहे का?

हे एक टोक झाले. दुसऱ्या टोकाला विक्री प्रतिनिधी उभे आहेत. 'लाळेतील दाह-पॅनेल' या नावाची गुळगुळीत पत्रके काही वाचकांनी पाठवली आहेत. इंटरल्यूकिन-6, इंटरल्यूकिन-17, टीएनएफ-अल्फा, सीएक्ससीएल-10, कॅल्प्रोटेक्टिन. प्रत्येकापुढे हिरव्यापासून लालपर्यंत पट्टी. 'बायोप्सीला पर्याय' असे ठळक अक्षरांत. आणि तळाशी, भिंग घेऊन वाचावे अशा टाइपात, 'केवळ संशोधनासाठी'. वाचक विचारतात, घ्यावे का?

या मार्करांत दम नाही असे आम्ही म्हणत नाही. ग्रंथीतला दाह रक्तापेक्षा लाळेत जवळून दिसावा, हे तर्काला धरून आहे. इंटरफेरॉनची वाट पेटली की सीएक्ससीएल-10 वाढतो, बी पेशी ग्रंथीत ठाण मांडून बसल्या की सीएक्ससीएल-13 आणि बाफ यांचा माग लागू शकतो. बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन आणि लॅक्टोफेरिन तर जुने गडी. वाहिनीच्या पेशी सोडियम परत शोषेनाशा झाल्या की लाळेतले सोडियम चढते, हेही काही दशकांपासून माहीत आहे. ओठाची बायोप्सी दर सहा महिन्यांनी करता येत नाही. आणि सुमारे पाच टक्के रुग्णांत पुढे लिम्फोमा होतो, तो बहुधा पॅरोटिडमध्ये. अशा आजारात डबीत थुंकून ग्रंथीची खबर मिळणार असेल तर कोणाला नको आहे?

पण आज घडीला 2016 च्या एसीआर-युलार निकषांत लाळेतला एकही दाह-मार्कर नाही. लाळेचे एकच मोजमाप आहे : न उत्तेजित केलेल्या लाळेचा वेग, मिनिटाला 0.1 मिलिलिटर किंवा त्याहून कमी. तो नसेल तर पॅनेलमधल्या लाल पट्टीचा अर्थच लागत नाही. समजा, एका रुग्णाची लाळ मिनिटाला 0.4 मिलिलिटर आहे आणि मार्कर मिलिलिटरमागे 10 एकक. दुसऱ्याची लाळ 0.1 आणि मार्कर 40. पॅनेल सांगेल, दुसऱ्याचा दाह चौपट. गुणाकार करा : दोघांच्याही तोंडात मिनिटाला 4 एककेच येत आहेत. आग तेवढीच आहे, आटले आहे ते पाणी. आमटी आटली म्हणून तिच्यात कोणी मीठ टाकले असे आपण म्हणत नाही.

त्यातून हिरड्या. इंटरल्यूकिन-6 असो की टीएनएफ-अल्फा, पेरिओडोंटायटिसमध्येही हेच वाढतात, कारण हिरडीच्या खाचेतला द्रव थेट लाळेत उतरतो. ज्या तोंडात हिरडीला प्रोब लावताच रक्त येते, त्या तोंडातल्या कॅल्प्रोटेक्टिनवरून ग्रंथीबद्दल काय बोलणार? त्यातून आपल्याकडची मिश्री. याच वयाच्या कितीतरी बाया सकाळी उठून भाजलेली तंबाखू हिरड्यांना घासतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. सुपारीचे खांड गालात ठेवून नमुना देणारे वेगळेच. पॅनेलच्या फॉर्मवर वय आणि लिंगाचे रकाने आहेत. लाळेचा वेग, हिरड्यांची अवस्था, मिश्री, सुपारी, नमुन्याची वेळ यांतले काहीच नाही. असला फॉर्म छापणाऱ्याने लाळ पाहिली आहे की फक्त विकली आहे?

इथपर्यंत वाचून आपले सभासद माना डोलवत असतील. आता वळतो तो तुमच्याचकडे.

निकषांची बेरीज पुन्हा करून पाहा. अँटी-एसएसए 3 गुण, ओठाच्या बायोप्सीत फोकस स्कोअर 1 किंवा अधिक असेल तर 3, डोळ्यांच्या रंगचाचणीचा 1, शर्मरचा 1, लाळेच्या वेगाचा 1. एकूण 9, आणि लागतात 4. बायोप्सीचे 3 आणि लाळेचा 1, म्हणजे पुरे 4 गुण एकट्या तोंडातून येतात! तरीही हा रुग्ण वर्षानुवर्षे दात भरून घेत आपल्याच खुर्चीत बसतो, आणि निदान दुसरेच कोणी करते. ज्या हेन्रिक शोग्रेन यांचे नाव या आजाराला मिळाले, ते स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ. 1933 च्या त्यांच्या प्रबंधात एकोणीस स्त्रिया होत्या. नेत्रतज्ज्ञांनी तेव्हापासून हा आजार सोडला नाही. पापणीत कागदाची पट्टी अडकवायची, पाच मिनिटे थांबायचे, मिलिमीटर लिहायचे, हे त्यांच्याकडे अंगवळणी पडले आहे. आपल्या केसपेपरवर काय असते? 'तोंड कोरडे, अधिकचे चिन्ह.' किती कोरडे? दोन अधिक. दोन अधिक हे कोणत्या मापात मोजतात?

कारणे पाठ आहेत. वेळ नाही, रुग्णाला थुंकायला लाज वाटते, वेटिंग रूम भरलेली असते. या सबबी आता पुरे. लागते काय? एक झाकणाची डबी, सोनार वापरतात तसा 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि घड्याळ. सकाळी नऊ ते अकरा. दीड तास आधीपासून खाणे-पिणे नाही, दात घासणे नाही; मिश्री, तंबाखू, सुपारी तर उठल्यापासूनच नाही. कोपऱ्यात शांत बसवा, मान थोडी पुढे. एकदा गिळायला सांगा आणि तिथून घड्याळ लावा. तोंडात साठेल ते दर मिनिटाला डबीत सोडायचे. खोकायचे नाही, खाकरायचे नाही, चोखायचे नाही. पंधरा मिनिटे. आधी वजन केलेली डबी पुन्हा काट्यावर ठेवा. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरा. फेसामुळे डबीवरच्या रेघा फसवतात, काटा फसत नाही. पंधरा मिनिटांत दीड ग्रॅम किंवा कमी भरले तर तुमचा एक गुण झाला.

शेजारी औषधे लिहा : अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळ्या, मूत्राशयासाठी ऑक्सिब्युटिनिन. अर्ध्या कोरड्या तोंडांचा चोर तिथेच सापडेल. ती परस्पर बंद मात्र करू नका, देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. आणि हा आकडा निदानापुरता नाही. युलारच्या उपचारविषयक शिफारशीही आधी ग्रंथीचे काम मोजा म्हणतात : सौम्य बिघाडाला चघळण्या-चोखण्याने उत्तेजन, मध्यमाला पिलोकार्पिनसारखे औषध, ग्रंथी पार थकली असेल तर कृत्रिम लाळ. न मोजता पिलोकार्पिन लिहिणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोटार बसवणे.

मार्करांचे संशोधन करणाऱ्यांनी जरूर करावे. पण बर्फ, सेंट्रिफ्यूज आणि उणे 80 अंशांचा फ्रीझर हाताशी नसेल तर एसटीच्या पार्सलने लाळ पाठवू नका. वाटेत प्रोटीन कुजते आणि आकडा मात्र छापून येतो.

लॅबवाल्यांकडे मागण्या तीनच. नमुन्यांच्या यादीत 'लाळ' ही वेगळी ओळ घाला. करत नसाल तर तसे लिहून डबी परत करा, चाचणी बदलू नका. आणि संशोधनापुरती चाचणी असेल तर ते रिपोर्टच्या माथ्यावर, रुग्णाला वाचता येईल अशा अक्षरांत छापा. पॅथॉलॉजिस्ट मित्रांनाही एक विनंती : ओठाच्या बायोप्सीवर 'जुनाट सायलॅडेनायटिस' एवढेच लिहून सही करू नका. ग्रंथींचे क्षेत्रफळ किती, दर चार चौरस मिलिमीटरला फोकस किती, हे लिहा. ते नसले तर रुग्णाचा ओठ उगाच कापला गेला.

आणि सभासदहो, तुमच्याकडे मागणी एकच. या महिन्यात कोरड्या तोंडाचा जो पहिला रुग्ण येईल, त्याच्या हातात डबी द्या. असे दहा झाले की तक्ता आमच्याकडे पाठवा, नावे खोडून : वय, औषधे, हिरड्या, मिश्री-तंबाखू, पंधरा मिनिटांचे वजन. पुढच्या अंकात कोरा तक्ता छापत आहोत. दाराशी उभ्या विक्रेत्याला आणि लॅबच्या व्यवस्थापकाला आपण कागद दाखवू शकू तो असा. नुसत्या तक्रारीच्या पत्रांनी यादीत ओळ वाढत नाही.

सांगलीच्या डॉक्टरांना आम्ही फोन करून विचारले होते, बाईंच्या लाळेचा वेग किती? पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "तो मोजलाच नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंना बोलावले. अकराच्या आत मेसेज आला : पंधरा मिनिटांत 0.6 ग्रॅम. ओठाची बायोप्सी आता ठरली आहे. हे सगळे छापायला त्यांनीच परवानगी दिली, "माझे हसे होऊ द्या, पण बाकीच्यांना काटा आणायला सांगा," असे म्हणत.

काटा आणा.