थंड आणि थंडावा

मुलामुलींनो, वार्षिक परीक्षा संपते, शाळेला सुट्टी लागते आणि ऊन तापू लागते. मालेगाव, जळगाव, अकोला, नागपूर या शहरांत मे महिन्यात पारा अनेकदा ४२ अंशांच्या वर जातो. दुपारी गल्लीत गोळेवाल्याची घंटा वाजते आणि लहान भावंडे पैशांसाठी हट्ट धरतात. घरातली मोठी माणसेही म्हणतात, "जाऊ दे, उन्हाळा आहे. काहीतरी थंड खाऊ दे त्यांना."

माझे म्हणणे असे, की थंड असणे आणि थंडावा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्फ जिभेला क्षणभर गार करतो आणि विरघळून जातो. उन्हात आपल्याला घाम येतो. घामाबरोबर शरीरातले पाणी आणि मीठ बाहेर जाते. मग डोके दुखते, अंग गळून जाते, लहान मूल किरकिर करू लागते. हे गेलेले पाणी आणि मीठ ज्याने भरून निघते, तोच खरा थंडावा.

आता गोळ्याचा विचार करा. कारखान्यातला सगळाच बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो. माल ताजा ठेवण्यासाठीही बर्फ लागतो आणि त्याचे पाणी पिण्याइतके स्वच्छ असेलच असे नाही. दोन्ही प्रकारचे बर्फ ओळखता यावेत, म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा आदेश निघाला. पाणी गोठले, की त्यातले सगळे जंतू मरतात, असे समजू नका. जुलाब, विषमज्वर, कावीळ हे आजार दूषित पाण्याच्या बर्फातूनही होऊ शकतात. गोळेवाला आपला शत्रू नाही. तोही उन्हात उभा राहून पोट भरतो. पण बर्फ कोठून आणला, हे त्याला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

बाटलीतल्या रंगीत पेयांचे काय? बाटलीवरचा मजकूर एकदा वाचून पाहा. अशा बहुतेक पेयांच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सहा चमचे साखर झाली! घरी सरबतात कोणी सहा चमचे साखर घातली, तर आपण ते पिऊ का?

मग भावंडांना द्यायचे काय? कैऱ्या उकडून त्यांचा गर काढा. त्यात थोडा गूळ, चवीपुरते मीठ आणि वेलचीची पूड घालून पाणी मिसळा. पन्हे तयार झाले. गूळ मात्र बेताने घाला, कारण तोही गोडच. एक वाटी दही आणि तीन वाट्या पाणी घुसळा, मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड टाका; चार पेले ताक होते. कोकणातल्या आमसुलांचे सरबतही असेच सोपे आहे. भूक लागली असेल, तर धुतलेले पोहे दह्यात कालवा. काकडी आणि कलिंगड यांत तर ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. फक्त फळ घरी आणून, धुऊन, ताजे कापा. रस्त्यावर उघड्या ठेवलेल्या फोडींवर माश्या बसतात. फालुद्यात दिसणारे सब्जाचे बी भिजवून दुधात घातले, तर लहान मुले आनंदाने खातात.

बर्फ हवाच, असेही नाही. पाणी उकळून, निववून माठात भरा. माठातून पाणी हळूहळू पाझरते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार होते. घाम वाळताना आपले अंगही असेच गार होते.

काही जण म्हणतील, "एवढा खटाटोप कोण करणार? आईला आधीच खूप काम असते." ते खरे आहे. उन्हाळ्यात चुलीपुढे उभे राहणे सोपे नाही. म्हणूनच हे काम आईवर टाकू नका. ते तुम्ही करा. गॅसजवळचे काम असेल तेव्हा मोठ्या माणसाला जवळ बोलवा, एवढेच. आणि हे काम बहिणीचे, माझे नव्हे, असे कोणत्याही भावाने म्हणू नये. ताक घुसळायला काय मुलीचेच हात लागतात?

सुट्टीत तुमच्याजवळ वेळ असतो आणि घरातली लहान मुले तुमचेच अनुकरण करतात. तुम्ही गोळ्यामागे धावलात, तर तीही धावतील. तुम्ही पन्ह्याचा पेला हाती दिलात, तर उद्या तीच मागतील. तेव्हा बाजारातून येताना चार कैऱ्या घेऊन या.